सालीवरील लिपी



वसंत ऋतूतील ह्या व्याख्यानसत्रात आपण दरवर्षी मोठमोठे विषय ऐकत आला आहात. राज्यकारभार, अर्थकारण, संतवाङ्मय, इतिहासातील लढाया आणि तह, ह्या साऱ्यांच्या पंगतीत आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत, तो बोटाच्या पेराएवढ्या जागेत मावणारा आहे. झाडाच्या सालीवर उमटलेल्या काही काळ्या रेघा, एवढाच तो विषय. परंतु विषय लहान असला तरी त्यातून निघणारा प्रश्न लहान नाही. पन्नास वर्षे उभे असलेले एक झाड तोडले आणि त्याच्या बदल्यात पन्नास रोपे लावली, तर हिशेब फिटला काय? पुष्कळांना वाटते, फिटला. किंबहुना झाडांची संख्या वाढली म्हणून फायदाच झाला. सालीवरच्या ह्या रेघा ह्या प्रश्नाचे निराळे उत्तर देतात. ते उत्तर आपल्याला वाचून दाखवावे, एवढाच आजच्या बोलण्याचा उद्देश आहे.

प्रथम ह्या रेघा कोठे पाहावयाच्या ते सांगतो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पोफळीच्या बागेत जा, आंबोलीच्या रानात जा, नाहीतर महाबळेश्वरच्या दाट झाडीत शिरा. गुळगुळीत सालीच्या खोडावर राखी, पांढुरके, किंचित हिरवट असे डाग पसरलेले दिसतील. कोणी त्यांना चुन्याचे डाग समजतो, कोणी बुरशी म्हणतो, कोणी झाडाचा रोग म्हणतो. जवळ जाऊन पाहिले म्हणजे काही डागांत बारीक काळ्या रेघा दिसतात. एक सरळ आहे, दुसरी कोयत्यासारखी वळली आहे, तिसरीला फाटा फुटला आहे, चौथी चांदणीसारखी पसरली आहे. जुन्या दप्तरातला मोडीचा कागद पाहिलेल्या माणसाला क्षणभर असेच वाटेल की, कोणी कारकुनाने बोरू घेऊन घाईघाईने चार ओळी खरडल्या आणि वरची रेघ ओढावयाची तेवढी राहून गेली.

हा भास आपल्यालाच होतो असे नाही. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस ह्याने १७५३ साली वनस्पतींच्या जातींचा जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्यात ह्या वर्गातील एका जातीला त्याने 'लिहिलेली' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. पुढे त्या गटाला 'ग्राफिस' हे नाव मिळाले; लेखनासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याच्याशी त्याचे नाते आहे. त्याच्या भावंडांची नावेही तशीच पडली. कोणाच्या नावात कोरीव अक्षर आहे, कोणाच्या नावात काळसर लेखन आहे. आम्ही आजच्यापुरते ह्या सर्वांना अक्षर-शैवाक म्हणू.

आता शैवाक म्हणजे काय? हा शब्द नवा वाटला तरी वस्तू आपल्या स्वयंपाकघरातली आहे. गोड्या मसाल्यात किंवा काळ्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, ते शैवाकच होय. नावात दगड आणि फूल दोन्ही असले तरी ते फूल नव्हे, आणि बाजारात येणारे पुष्कळसे दगडफूल दगडावरून नव्हे तर झाडांच्या सालींवरून काढलेले असते. मसाल्याचे दगडफूल पानासारखे सुटे असते, ते हाताने उचलून घेता येते. अक्षर-शैवाक मात्र सालीला इतके चिकटलेले, किंबहुना सालीच्या वरच्या थरांत इतके मुरलेले असते की, साल तासल्याशिवाय ते निघत नाही.

शैवाकाविषयीची सर्वांत नवलाची गोष्ट ही की, ते एक नसून दोन आहे. स्वित्झर्लंडचा शास्त्रज्ञ श्वेंडेनर ह्याने १८६७ साली असे प्रतिपादन केले की, ज्याला आपण एक वनस्पती समजतो, ती बुरशी आणि शेवाळ ह्यांची जोडी आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते, कडक उन्हापासून आडोसा करते. शेवाळाजवळ हरितद्रव्य असते. ते उजेडाच्या बळावर साखर तयार करते आणि तिचा वाटा बुरशीला मिळतो. दोघे मिळून अशा ठिकाणी संसार करतात की, जेथे एकट्याचा निभाव लागणे कठीण. ही कल्पना त्या काळच्या विद्वानांना मुळीच रुचली नाही. शैवाकांचा त्या वेळचा मोठा जाणकार, फिनलंडमध्ये जन्मलेला आणि पॅरिसमध्ये राहिलेला नीलँडर, ह्याने तर ती कधीच मान्य केली नाही. परंतु पुढे दोन्ही जोडीदार वेगळे करून वाढविण्यात आले, पुन्हा एकत्र आणण्यात आले, आणि श्वेंडेनरचे म्हणणे खरे ठरले.

अक्षर-शैवाकांच्या घरातील शेवाळ बहुधा ट्रेंटेपोलिया ह्या गटातले असते. ह्या शेवाळाला आपण सर्वांनी पाहिले आहे, फक्त ओळखले नाही. कोकणात पावसाळ्यात नारळाच्या खोडावर, दमट भिंतींवर, विटकरी किंवा शेंदरी रंगाची मखमल चढते ना, ती पुष्कळदा ह्याचीच. वर्गाने ते हिरव्या शेवाळांपैकी, पण गाजरात असते त्या जातीचे नारिंगी द्रव्य त्याच्यात इतके साठते की, मूळचा हिरवा रंग झाकून जातो. २००१ साली केरळात तांबडा पाऊस पडला आणि लोक घाबरले. उल्का फुटली येथपासून नाना तर्क झाले. तपास केलेल्या शास्त्रीय संस्थांनी त्याच वर्षी निष्कर्ष दिला की, पाण्याला रंग आणणारे कण हे शैवाकांत राहणाऱ्या ट्रेंटेपोलिया शेवाळाचे बीजाणू होत. त्या मुलखात झाडांवर शैवाके विपुल होती, हेही त्यांनी नोंदविले. म्हणजे सालीवरचा हा मुकाट रहिवासी कधीकधी आकाशातूनही आपली वार्ता देतो.

मग त्या काळ्या रेघा कशाच्या? राखी डाग हे शैवाकाचे शरीर, आणि रेघा ही त्यातील बुरशीची फळे. इतर पुष्कळ शैवाकांची फळे वाटीसारखी वाटोळी असतात. येथे ती वाटी लांबट होऊन तिची चीर झाली आहे. चिरेच्या दोन्ही अंगांना ओठासारख्या कडा असतात आणि पुष्कळ जातींत त्या कोळशासारख्या काळ्या पडतात. शास्त्रज्ञांनी अशा फळाला 'लिरेला' हे लॅटिन नाव दिले आहे, आणि ते ज्या शब्दापासून निघाले त्याचा संबंध नांगराने काढलेल्या तासाशी आहे. पाश्चात्त्यांना नावे देताना कोठे लेखणी आठवली, कोठे नांगर आठवला. शेत नांगरणे आणि अक्षर गिरविणे ह्या दोन्ही कामांत ओळीनेच पुढे जावयाचे असते, तेव्हा दोन्ही नावे शोभतात.

ह्या चिरेत अतिसूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत बीजाणू पिकतात. पावसाने फळ भिजले म्हणजे बीजाणू बाहेर उडतात आणि वाऱ्याबरोबर जातात. येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण आमच्या सगळ्या म्हणण्याचा आधार तीत आहे. हा बीजाणू एकट्या बुरशीचा असतो. त्याच्याबरोबर शेवाळ नसते. काही शैवाके आपल्या अंगाचा चुरा पसरवितात. त्या चुऱ्याच्या कणात दोन्ही जोडीदार असतात, म्हणजे नवरा-नवरी वऱ्हाडासह निघाल्यासारखे. अक्षर-शैवाकांपैकी बहुसंख्य जातींत ही सोय नाही. त्यांचा बीजाणू एकटा निघतो, योग्य सालीवर पडावा लागतो, तेथे त्याला योग्य शेवाळ भेटावे लागते, आणि मग संसार सुरू होतो. एवढे सगळे योग जुळून येण्यास लागतो तो काळ.

आता ह्या संसाराला काय काय लागते ते पाहू.

पहिली गरज पाण्याची. शैवाकाला मूळ नाही, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नाहीत, आणि पानावर असते तसे मेणाचे आवरणही नाही. ते भोवतालच्या हवेइतकेच ओले आणि हवेइतकेच कोरडे. हवा कोरडी झाली की ते वाळते, सगळे व्यवहार थांबवून पडून राहते. धुके आले, दव पडले, सर आली की पुन्हा जागे होते. आपल्या सह्याद्रीत चार महिने धो धो पाऊस आणि पुढे आठ महिने कोरडे. महाबळेश्वराला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, पण तो बहुतेक सारा त्या चार महिन्यांत. उरलेल्या काळात शैवाकाला आधार तो पहाटेच्या दवाचा, धुक्याचा आणि दाट झाडीने कोंडून ठेवलेल्या ओलाव्याचा. म्हणूनच एकटे झाड आणि झाडीतले झाड, ही शैवाकाच्या दृष्टीने दोन निराळी गावे आहेत.

पाणी पाहिजे, पण फार झाले तरी पंचाईत. अंग पाण्याने ठिबकू लागले की कार्बन डायऑक्साइड वायू आत शिरण्यास अडथळा होतो आणि साखर करण्याचे काम मंदावते. आणखी एक अडचण उष्ण प्रदेशातली आहे. रात्री उजेड नसतो, तेव्हा कमाई बंद; पण अंग ओले आणि हवा गरम असली की श्वसनाचा खर्च मात्र चालू राहतो. दिवसाची जमा रात्रीच्या खर्चात जाते. मोठाली पानासारखी शैवाके उष्ण सखल अरण्यांत कमी आणि थंड डोंगरमाथ्यावर अधिक दिसतात, त्याचे हे एक कारण शास्त्रज्ञ देतात. अक्षर-शैवाक पातळ, सालीत मुरलेले, थोड्यावर भागविणारे. म्हणून जेथे मोठ्यांचे दिवाळे निघते तेथे हे लहान गृहस्थ सुखाने नांदतात. त्यांचे कूळ हे उष्ण कटिबंधातील सालीवरच्या शैवाकांचे सर्वांत मोठे कूळ आहे. त्यात आज २,००० हून अधिक जाती मानल्या जातात.

दुसरी गरज उजेडाची, आणि येथे प्रत्येकाची आवड निराळी. ग्राफिस गटातल्या पुष्कळ जातींना बऱ्यापैकी उजेड लागतो. रानाच्या कडेची झाडे, बागा, वरच्या फांद्या त्यांना मानवतात. ग्लिफिस नावाच्या गटातील एक जात तर उघड्यावरच्या झाडांवर सर्रास आढळते. उलट ह्याच कुळातील काही मंडळी दाट सावलीत, जुन्या अरण्याच्या आतल्या भागातच राहतात. ह्या भेदाकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

तिसरी गरज जागेची. साल टिकणारी पाहिजे. पेरूचे झाड पाहा. त्याची साल पापुद्र्यांनी सुटते. आमच्या घाटातला नाणा हा वृक्षही असाच साल टाकीत असतो. जे घर दर काही दिवसांनी आपली भिंतच टाकून देते, त्याच्या भिंतीवर कोण लिहिणार? पोफळीचे खोड, फणसाची कोवळी साल अशा जागा अक्षर-शैवाकांना सोयीच्या. सालीची आम्लता, तिची ओल धरण्याची शक्ती, तिचा खरखरीतपणा ह्या सर्वांचा हिशेब होतो.

चौथी गरज स्वच्छ हवेची. मूळ नसल्यामुळे शैवाक आपले अन्नपाणी हवेतून आणि पावसातून घेते, आणि त्याबरोबर हवेतले विषही घेते. गंधकाचा धूर त्याला विशेष बाधतो. मघाशी ज्या नीलँडरचा उल्लेख झाला, त्यानेच १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांची नोंद केली, आणि ती शहराच्या इतर भागांत दिसत नाहीत ह्यावरून तेथील हवा अधिक निरोगी असल्याचे दाखविले. तीस वर्षांनी त्या उद्यानातूनही ती नाहीशी झाली होती. शैवाकाच्या जोडसंसारावर विश्वास न ठेवणाऱ्या ह्या मनुष्याने शैवाकावरून शहराची हवा वाचावयास जगाला शिकविले, हा इतिहासातला एक गमतीचा योग आहे. आपल्या शहरांतही वर्दळीच्या रस्त्यावरील झाडांवर जी थोडी शैवाके दिसतात ती बहुधा धूळ आणि धूर सोसणाऱ्या मोजक्या जातींची असतात.

पाचवी गरज काळाची. ही सर्वांत मोठी, आणि हीच आपण विसरतो. असल्या शैवाकाची वाढ वर्षाला काही थोड्या मिलिमीटरांत, कित्येकदा त्याहूनही कमी मोजावी लागते. बीजाणू पडावा, शेवाळ भेटावे, अंग धरावे, फळ धरावे, मग त्या फळातून पुन्हा बीजाणू सुटावे, आणि हे सर्व होईपर्यंत साल जागच्या जागी राहावी, भोवतालची झाडी तशीच राहावी, हवा तशीच राहावी. सालीवरची ओळ आपण एका दृष्टिक्षेपात पाहतो. ती लिहिली जाण्यास कित्येक पावसाळे गेलेले असतात.

येथे बागाईतदार मंडळींच्या मनातील एक शंका दूर केली पाहिजे. पुष्कळांना वाटते की, हे डाग झाडाचा रस शोषून घेतात, म्हणून ते खरवडून काढावे. वास्तविक अक्षर-शैवाक सालीच्या बाहेरच्या, मेलेल्या थरांत राहते. झाडाचा रस वाहतो त्या भागापर्यंत ते पोहोचत नाही. त्याचे अन्न त्याचे शेवाळ उजेडात तयार करते; झाडाकडून त्याला हवी ती केवळ बसावयास जागा. मग वठत चाललेल्या फांदीवर शैवाक अधिक का दिसते? कारण ती फांदी वठली, तिची पाने गळाली, उजेड वाढला, साल वाढण्याचे थांबले आणि शैवाकाला बसण्यास निवांत जागा मिळाली. फांदी आजारी आधी पडली, पाहुणा मागाहून आला. पाहुण्याला खुनी ठरविणे हे न्यायाचे नव्हे. खरवडण्याने मात्र सालीला जखमा होतात आणि खऱ्या रोगांना वाट मिळते.

आता मघाचा सावली-उजेडाचा भेद घेऊ. अक्षर-शैवाकांच्या कुळात एक शाखा अशी आहे की, तिची फळे रेघेसारखी नसून बारीक पुरळासारखी गाठीदार असतात आणि गाठीच्या मध्यावर छिद्र असते. पूर्वी हे निराळे कूळ मानीत. एकविसाव्या शतकात जनुकांच्या तपासणीनंतर दोन्ही एकाच कुळात आली. म्हणजे अक्षर आणि टिंब ही एकाच घराण्यातली निघाली. ह्या टिंबवाल्यांपैकी पुष्कळ जाती न तोडलेल्या, सावलीच्या, दमट अरण्यात आढळतात. रान विरळ केले की त्या मागे हटतात आणि उजेड सोसणाऱ्या जाती पुढे येतात. उष्ण कटिबंधातील अरण्यांत अशा जातींची मोजदाद करून अमुक रान किती काळ अखंड राहिले आहे ह्याचा अंदाज बांधता येतो, असे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. तेव्हा सालीवर लिपी आहे असे आम्ही म्हणतो ते केवळ उपमेने नव्हे. ती मराठी नाही, मोडी नाही, पण ती वाचता येते. त्या जागी ओल किती, सावली किती, हवा कशी, आणि मुख्य म्हणजे तेथे किती वर्षे कोणी कुऱ्हाड चालविली नाही, हे तीत लिहिलेले असते.

ही लिपी वाचणारी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली आणि आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. मालवणला जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर ह्यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. १९९२ पासून तिची संशोधनसंस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेथे डॉ. पटवर्धन आणि पुढे डॉ. मखिजा व त्यांचे सहकारी ह्यांनी सह्याद्रीतील आणि देशाच्या इतर भागांतील अक्षर-शैवाके गोळा केली, त्यांचे काप घेतले आणि कित्येक नव्या जातींचे वर्णन केले. हे काम दिसते तितके सोपे नाही. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन रेघा भिंगाखाली निराळ्या निघतात. बीजाणू रंगहीन की तपकिरी, त्याला पडदे आडवेच की उभेही, आयोडिनाने तो निळा-जांभळा होतो की नाही, कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकल्यावर अंग पिवळे पडून तांबडे होते की नाही, अशा नाना कसोट्या लावाव्या लागतात. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून २०१४ साली ह्या एकाच कुळातील १७५ नव्या जाती एका दमात प्रसिद्ध केल्या. ह्याचा अर्थ असा की, ह्या ग्रंथालयातली पुष्कळ पाने अजून कोणी उघडलेलीच नाहीत, आणि ग्रंथालयाला आग मात्र लागलेली आहे.

त्याच विज्ञानवर्धिनीतील वर्तक ह्यांनी माधव गाडगीळ ह्यांच्याबरोबर पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला आणि तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तेथे कुऱ्हाड लावावयाची नाही, ही आपल्या पूर्वजांची रीत. त्यांना शैवाकांचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण जागा, सावली, ओल आणि काळ ह्या चारही गोष्टी एकत्र ठेवण्याचा त्याहून सोपा उपाय शास्त्रालाही सांगता येणार नाही.

हवामानाचीही नोंद ही लिपी करू लागली आहे. ट्रेंटेपोलिया शेवाळाला ऊब आणि ओल आवडते. नेदरलँड्समध्ये झाडांवरील शैवाकांची वर्षानुवर्षे मोजणी करणाऱ्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या अखेरीपासून असे आढळून आले की, उबदार प्रदेशातल्या जाती, त्यातही ट्रेंटेपोलिया बाळगणाऱ्या, तेथे वाढत आहेत. ती पसरण ते वाढत्या उष्म्याशी जोडतात. म्हणजे उत्तरेकडच्या सालींवर दक्षिणेची अक्षरे उमटू लागली आहेत.

आता आपण आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा १९७५ साली झाला. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि असे झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाच्या वर्षांइतकी झाडे लावावी, अशी तरतूद आली. ह्या दुरुस्तीत एक चांगली गोष्ट आहे, ती आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. कायद्याने झाडाचे वय विचारले. झाड म्हणजे नुसता एक आकडा नव्हे, त्याला आयुष्य आहे, हे कायद्याच्या भाषेत आले, हे थोडे नव्हे.

परंतु वय विचारल्यावर पुढचा हिशेब संख्येत केला, येथे गोम आहे. पन्नास वर्षांच्या एका वृक्षाच्या जागी एक वर्षाची पन्नास रोपे. बेरीज दोन्हीकडे पन्नासच येते. पण पन्नास तान्ही मुले एकत्र बसविली म्हणजे एक पन्नास वर्षांचा जाणता गृहस्थ तयार होत नाही. रोपांची साल कोवळी, सावली नाही, भोवती ओलावा धरणारी झाडी नाही. पोपडे पडलेल्या त्या जुन्या खोडावर जी अक्षरे होती, त्यांचा बीजाणू ह्या रोपांपर्यंत येण्यास मुळात जवळपास जुने झाड शिल्लक असावे लागते. तेच तोडले, तर पत्र लिहिणाराच गेला आणि आपण कोऱ्या कागदांचे गठ्ठे मोजीत बसलो, असे होते. आणि आम्ही येथे शैवाकाचे उदाहरण घेतले, पण ढोलीतला पिंगळा, सालीखालचे किडे, फांदीवरचे आमरीचे झुबके, ह्या सर्वांचे म्हणणे तेच आहे. काळाची भरपाई संख्येने होत नाही. काळाची भरपाई काळानेच होते.

ह्यावर कोणी विचारील, मग रस्ते रुंद करावयाचे नाहीत काय? घरे बांधावयाची नाहीत काय? आम्ही तसे म्हणत नाही. रोपे लावू नयेत असे तर मुळीच म्हणत नाही. आज लावलेले रोपच पन्नास वर्षांनी वृक्ष होणार आहे. आमचे म्हणणे इतकेच की, खाते खरे लिहावे. तोडलेले झाड हे नुकसान म्हणून नोंदवावे, लावलेली रोपे ही आशा म्हणून नोंदवावी, आणि दोन्ही रकमा एकाच रकान्यात घालून शिल्लक शून्य दाखवू नये. जो व्यापारी येणे असलेली उधारी रोख म्हणून लिहितो, त्याच्या पेढीचे काय होते हे ह्या गावातील व्यापारी मंडळींना आम्ही सांगावयास नको.

खाते खरे लिहिले म्हणजे निर्णयही बदलतात. रस्ता आठ हात बाजूने नेता येईल काय, हा प्रश्न मग विचारला जातो. एकटे झाड राखण्यापेक्षा झाडांचा जुना पुंजका राखणे अधिक मोलाचे, हे ध्यानात येते. झाडे तोडण्यापूर्वी जाहीर सूचना देऊन नागरिकांच्या हरकती मागविण्याची सोय कायद्यात आहे. तिचा उपयोग आपल्यापैकी किती जण करतात? हरकत घेताना केवळ 'झाड तोडू नये' असे न लिहिता, ते किती वर्षांचे आहे, त्याच्या भोवती काय आहे, त्याच्या अंगावर कोण राहते, हे लिहिले तर त्या कागदाला वजन येते.

काही लहान कामे प्रत्येकाच्या हातची आहेत. आपल्या अंगणातील झाडाच्या सालीवर डाग दिसला तर सुरी घेऊन धावू नका. उत्सवाच्या आणि पाहुण्यांच्या निमित्ताने खोडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारण्याची जी हौस आहे, तिला जेथे रहदारीच्या दृष्टीने गरज नाही तेथे आवर घाला. त्या पट्ट्याखाली उजेड आणि हवा कोंडून जे मरते, ते आपल्याला दिसत नाही इतकेच. शाळांतील शिक्षकांना आमची विनंती की, दहापट मोठे दाखविणारे एक भिंग घेऊन मुलांना एकदा गावच्या जुन्या झाडांपाशी न्यावे. त्याला खर्च नाही, प्रयोगशाळा नको. मुलांना दोन झाडे दाखवावीत, एक वर्दळीच्या चौकातले आणि एक नदीकाठच्या किंवा देवळामागच्या राईतले, आणि कोठे कसले डाग आहेत ते वहीत काढावयास सांगावे. हवेचे आणि काळाचे धडे पुस्तकातून देऊन जे साधत नाही, ते ह्या एका फेरीत साधेल.

ताम्रपट सापडला की आपण तो वस्त्रात गुंडाळून ठेवतो. शिलालेखावर कोणी टाकी चालविली तर आपल्याला चीड येते, कारण तो लेख पुन्हा कोरून घेता येत नाही हे आपण जाणतो. जुन्या झाडाची साल हाही तसाच लेख आहे. फरक इतकाच की, तो अजून जिवंत आहे, दर पावसाळ्यात त्यात एखादी ओळ वाढते आहे, आणि तो पुसून टाकण्यास एक सकाळ पुरते.